तिची मुलाकात येते का?

जेलच्या बोलीत माणूस भेटायला येत नाही, मुलाकात येते. “तुझी मुलाकात आली,” असा पुकारा झाला की बराकीतली बाई हातातलं काम टाकते, केसांवरून ओला हात फिरवते, पदर सारखा करते आणि निघते. बाकीच्या तिच्या पाठीकडे बघत राहतात. ज्यांची मुलाकात कधीच येत नाही अशा बायका त्यांच्यात असतात. हा लेख त्यांच्या घरच्यांसाठी आहे. म्हणजे अमरावतीपासून दोन तासांवर असलेली, बसचे पैसे हातात असलेली आणि तरीही कारागृहाच्या फाटकापर्यंत न पोचलेली आई, बहीण, भाऊ, सासू, नवरा.

३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांत स्त्रिया २३,७७२, म्हणजे शंभरात चार. या चार टक्क्यांमुळे पुढची बरीच गोष्ट ठरते. कारागृहं पुरुषांच्या हिशेबाने बांधली गेली आणि बायकांना त्यांत एक कोपरा मिळाला. महाराष्ट्रात स्त्रियांचं स्वतंत्र कारागृह म्हटलं की भायखळा आणि येरवडा ही नावं समोर येतात. वऱ्हाडात मात्र बाई राहते ती अमरावती मध्यवर्ती कारागृहाच्या किंवा अकोला जिल्हा कारागृहाच्या आतल्या महिला विभागात. मोठ्या भिंतीच्या आत आणखी एक भिंत, तिला वेगळं दार, दारावर बाई शिपाई.

पुरुष आत गेला की त्याची बायको येते, आई येते, वकिलाच्या पायऱ्या झिजवते, सोनं गहाण टाकते. बाई आत गेली की तिच्यासाठी हे सगळं करणारं माणूस म्हणजे तीच, आणि ती तर आत बसलेली. कित्येकदा गुन्हा घरातल्याच कुणाच्या मृत्यूचा असतो. मग सासर फिर्यादी होतं आणि माहेर म्हणतं, लेक दिली तेव्हाच आमचा हक्क संपला. १९३० च्या कायदेभंगात अकोल्याच्या दुर्गाताई जोशी, प्रमिलाताई ओक पुढे झाल्या, तेव्हा याच वऱ्हाडाने तुरुंगाच्या वाटेवरच्या बायांचा अभिमान बाळगला. आज आतल्या बाईचं नावही घरात हळू आवाजात घेतलं जातं. त्यांची आणि हिची गोष्ट एक नाही, हे मला समजतं. पण हिच्यावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नसतो. २०२२ च्या त्याच आकडेवारीत दर चार कैद्यांपैकी तीन न्यायाधीन होते. लोक त्यांना कच्चे कैदी म्हणतात. त्यांचा खटला अजून चालायचा आहे.

समजा, दर्यापूर तालुक्यातल्या एखाद्या गावातली म्हातारी आहे. लेकीला पोलीस घेऊन गेले. पाच वर्षांची नात म्हातारीच्या पदराला धरून उभी आहे. आता हिने करायचं काय?

पहिला प्रश्न लेक आहे कुठे, हाच. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. अटकेची खबर तिने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा ओळखीच्या माणसाला द्यावी लागते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हे बजावलं आणि आता ते कायद्यातच आहे. सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवादाची परिस्थिती असली तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन आधी दंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. दंडाधिकाऱ्यापुढे उभं केल्यावर दोनपैकी एक शब्द कानावर पडतो: पीसीआर किंवा एमसीआर. कोर्टाच्या आवारात चहावाल्यालाही हे शब्द पाठ असतात, म्हातारीला मात्र कुणी समजावून सांगत नाही. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी. लेक अजून ठाण्याच्या ताब्यात आहे, तिला भेटायचं तर तपास अधिकाऱ्याला विचारावं लागेल, आणि चौकशी चालू असताना तिच्या वकिलाला तिला भेटता येतं. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. म्हणजे ती कारागृहात गेली. ‘एमसीआर झाला’ हे ऐकून घरचे रडतात. खरं तर भेटीचा रीतसर रस्ता तिथून उघडतो.

पोलीस कोठडीतल्या बायकांसाठी आज जे नियम आहेत, त्यांच्यामागे मुंबईतली एक भेटच आहे. पत्रकार शीला बारसे १९८२ साली मुंबईच्या कारागृहात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत त्यांना मारहाण झाली. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं. निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना आत जाऊन स्त्रियांशी बोलायला आणि अहवाल द्यायला सांगितलं. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात आदेश आले: स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात, त्यांवर महिला शिपायांचा पहारा असावा, चौकशी महिला पोलिसाच्या समोरच व्हावी, अटक होताच विधी साहाय्य समितीला कळवावं. कुणीतरी भेटायला गेलं, नीट ऐकलं आणि ऐकलेलं लिहून काढलं, म्हणून हे झालं.

आता कारागृहाचं फाटक. दाखल होताना आतल्या बाईला विचारलं जातं की तुला भेटायला कोण कोण येणार. ती जी नावं सांगते त्यांवरून भेटणाऱ्यांची नोंद होते. इथे पहिली अडचण येते. घाबरलेली बाई कधी कुणाचंच नाव सांगत नाही, कधी फक्त नवऱ्याचं सांगते आणि नवरा तर येणारच नसतो. म्हातारीचं नाव यादीत नसलं तरी रस्ता बंद होत नाही. ते लावून घ्यायला आतल्या बाईने अर्ज करायचा असतो. वकिलामार्फत किंवा कारागृहात येणाऱ्या, मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकामार्फत तेवढा निरोप आत पोचवता येतो. म्हातारीने जवळ ठेवायचं ते आधार कार्ड किंवा फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र, लेकीचं पूर्ण नाव, आणि माहीत असेल तर ठाण्याचं नाव व गुन्हा क्रमांक. सही येत नसेल तर अंगठा चालतो. न्यायाधीन कैद्याला साधारणपणे आठवड्याला एक आणि शिक्षा झालेल्याला साधारणपणे पंधरवड्याला एक मुलाकात मिळते. मुलाकात वीसेक मिनिटांची. रविवार आणि सुटीचे दिवस टाळावेत. नोंदणी सकाळी होते, म्हणून दर्यापूरहून पहिल्या बसने निघावं. दुपारी पोचलेल्या माणसाला परत पाठवल्याची तक्रार प्रत्येक फाटकावर ऐकू येते, आणि म्हातारीचा एक आठवडा असा वाया जाणं मला फार लागतं. निघण्याआधी कुणाकडून तरी कारागृहात फोन करून वार आणि वेळ विचारून घेतली तर हे टळतं.

झडतीची भीती वाटते, आणि ती खोटी नाही. इंग्रजांनी १८९४ साली केलेल्या कारागृह कायद्यातही भेटणाऱ्याचं नाव, पत्ता विचारण्याचा आणि संशय आला तर झडती घेण्याचा अधिकार तुरुंगाधिकाऱ्याला दिलेला होता. पण त्याच कलमात म्हटलं होतं की झडती कुठल्याही कैद्यासमोर किंवा दुसऱ्या भेटणाऱ्यासमोर होता कामा नये. झडतीला नकार दिला तर आत सोडत नाहीत, पण ते का, हे दप्तरात लिहावं लागतं. बाईची झडती बाईनेच घ्यायची. मोबाइल, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, घरचं औषध हे सगळं बाहेर ठेवून जायचं. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांच्या कनवटीला तंबाखू असतेच. आतल्या लेकीनेही मागितली असेल. पण बंदी असलेली वस्तू आत नेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यासाठी कैदेची शिक्षा आहे. भाकरी, ठेचा, लाडू बांधून नेलेले बहुतेक वेळा फाटकावरूनच परत येतात. घरचा डबा हवा असेल तर न्यायाधीन बाईने वकिलामार्फत न्यायालयाकडे अर्ज करायचा. कपडे मात्र देता येतात. न्यायाधीन बाई स्वतःचेच कपडे घालते, म्हणून दोन साध्या साड्या किंवा सलवार-कमीज, आतले कपडे, थंडीत स्वेटर. नेण्याआधी कोणता रंग, कोणता प्रकार चालतो ते विचारावं.

मला महत्त्वाची वाटते ती मनीऑर्डर. आतल्या प्रत्येक कैद्याच्या नावे एक खातं असतं. त्यात घरून आलेले पैसे जमा होतात आणि त्यांतून कँटीनमधून तेल, साबण, बिस्किटं घेता येतात. ज्या बाईच्या खात्यात पैसे नाहीत तिला दुसरीचे कपडे धुऊन साबण मिळवावा लागतो. पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तूंपासून डोक्याच्या तेलापर्यंत सगळ्यालाच कुणाचं तरी तोंड बघावं लागतं. महिन्याला पाचशे रुपये गेले तरी आतलं जिणं बदलतं, ही साधी गोष्ट कुटुंबांना माहीत नसते. पावती जपून ठेवावी.

भेटीची खोली. बहुतेक ठिकाणी मध्ये जाळी किंवा काच असते आणि बोलायला इंटरकॉमचा फोन. दोन्हीकडे एकाच वेळी दहा-बारा माणसं मोठ्याने बोलत असतात. “कशी हायेस माय?” “बरी हावो.” “जेवतं का नाही?” आणि मग दोघीही रडायला लागतात, आणि वीस मिनिटं संपतात. म्हातारीने घरून निघतानाच चार गोष्टी मनात बांधून याव्यात: वकील कोण आहे आणि तो भेटून गेला का, पुढची तारीख कधी, तब्येतीची काय तक्रार आहे, आणि लेकरू कुठे राहावं असं तुझ्या मनात आहे. तारीख तर नक्की विचारावी. तारखेला कैद्याला न्यायालयात नेलं जातं किंवा व्हिडिओवरून हजर केलं जातं, आणि प्रत्यक्ष नेलं तर न्यायालयाच्या आवारात बंदोबस्तावरच्या पोलिसांच्या परवानगीने दोन शब्द होऊ शकतात. घरात काही वाईट झालं असेल तर ते लपवू नये, असं माझं मत आहे. आतल्या बाईला बातमी कुठून तरी कळतेच, आणि परक्या तोंडून कळली तर पुढच्या भेटीत ती आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

अशा भेटींबद्दल आपल्या न्यायालयांनी खूप विचार केला आहे. १९७९ साली दिल्लीत फ्रान्सिस कोरॅली मुलीन नावाच्या ब्रिटिश बाईला चरस बाळगल्यावरून अटक झाली आणि मग तस्करीविरोधी कायद्याखाली स्थानबद्ध करून तिहारमध्ये ठेवलं गेलं. तिची पाच वर्षांची मुलगी होती आणि ती मावशीकडे राहत होती. नियम म्हणत होता, महिन्यातून एकदाच भेट. वकिलाला भेटायचं तर आधी जिल्हाधिकाऱ्याची वेळ घ्या आणि भेटीच्या वेळी सीमाशुल्क अधिकारी हजर पाहिजे. १३ जानेवारी १९८१ ला न्यायमूर्ती पी. एन. भगवतींनी हे दोन्ही निर्बंध रद्द केले. जगण्याचा हक्क म्हणजे नुसता श्वास घेण्याचा हक्क नाही, घरच्यांना आणि मित्रांना भेटणं हाही त्याचाच भाग आहे, असं ते म्हणाले. आठवड्यातून निदान दोन भेटी मिळायला हव्यात, आणि वकिलाशी बोलताना अधिकाऱ्याने फार तर नजर ठेवावी, कान देऊ नये. दर्यापूरच्या म्हातारीच्या नातीला आज आईला भेटण्याचा जो हक्क आहे, त्याला बळ देणारी एक परदेशी मुलगी याच वयाची होती.

नातीचा प्रश्न मोठा आहे. २०२२ अखेर देशातल्या कारागृहांत १,५३७ स्त्रियांसोबत त्यांची १,७६४ लेकरं राहत होती. आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी या लेकरांसाठी सविस्तर आदेश दिले. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. ते कैदी नाही. त्याला आईपेक्षा वेगळा आहार, दूध, डॉक्टर आणि पाळणाघर मिळायला हवं. त्याच्या जन्मदाखल्यावर कारागृहाचं नाव येता कामा नये. सहा वर्षं पूर्ण झाली की आईच्या इच्छेप्रमाणे त्याला योग्य माणसाकडे किंवा संस्थेत द्यायचं, आणि संस्थेत असलेल्या मुलाला आठवड्यातून एकदा तरी आईला भेटवायचं. आपली नात पाच वर्षांची आहे. आईने तिला आत बोलावलं तरी वर्षाच्या आत तिला बाहेर यावं लागेल. म्हणून मी म्हातारीला सांगेन की तिला आत्ताच अंगणवाडीतून शाळेत घाला आणि दर भेटीला घेऊन जा. जेल दाखवायचं नाही म्हणून मुलांना घरी ठेवलं जातं. मग त्या मुलीला आई मेली असंच वाटायला लागतं, किंवा शेजारच्या पोरांकडून भलतंच ऐकायला मिळतं.

महाराष्ट्राच्या कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो. ठरलेल्या दिवशी कैद्यांची सोळा वर्षांखालची मुलं आत येतात आणि जाळीशिवाय आईला किंवा बापाला मिठी मारतात. नागपूर आणि अमरावती या दोन्ही मध्यवर्ती कारागृहांत तो झाला आहे. असा दिवस जवळ आला की आतल्या बाईने अर्ज द्यायचा आणि बाहेरच्या माणसाने मुलाच्या वयाचा कागद घेऊन यायचं. थायलंडच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१० मध्ये स्त्री कैद्यांसाठी जे बँकॉक नियम केले, त्यांत हेच सांगितलं आहे की मुलांची भेट मोकळ्या वातावरणात, स्पर्शासह व्हावी. आपल्याकडच्या ‘गळाभेट’ या शब्दात ते सगळं आलं. गळाभेट वर्षातून एखाद्या दिवसाचा सोहळा न राहता नेहमीची झाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मेळघाटातल्या बाईचं दुःख आणखी वेगळं. धारणीहून परतवाड्याचा घाट उतरून अमरावतीला यायला दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. सकाळी नोंदणी करायची तर आदल्या दिवशीच निघावं लागतं आणि रात्र बसस्थानकावर काढावी लागते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. या दोन निर्णयांचा मुलाकातीवर किती परिणाम झाला असेल याचा कुणी हिशेब केलेला नाही, पण ज्या आईला जाऊन-येऊन दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते तिला तिकिटाचे अर्धे पैसे म्हणजे पुष्कळ. आणि मग भाषा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. कोरकू बाईला आरोपपत्र कळत नाही, बराकीतलं बोलणं कळत नाही, डॉक्टरला दुखणं सांगता येत नाही. तिच्यासाठी मुलाकात म्हणजे आपली भाषा कानावर पडण्याची वीस मिनिटं. अशा बाईचा वकील बदलण्याआधी तिला दुभाषी मिळवून द्या. न्यायालयाकडे तो मागता येतो.

जे येऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी फोन आणि व्हिडिओ आहे. कारागृहातून कैद्याला घरच्यांचे ठरावीक नंबर नोंदवून, आठवड्यातून ठरावीक वेळा, मोजकी मिनिटं बोलता येतं. नंबर घरातल्याच माणसाच्या नावावर असल्याची खात्री करून घेतली जाते. म्हणून दर सहा महिन्यांनी सिम बदलणाऱ्या पोरांनी आईसाठी एक नंबर कायम ठेवावा. ‘ई-मुलाकात’ ही केंद्राची सोय आहे. तिच्या संकेतस्थळावर कैद्याचं नाव, कारागृह आणि स्वतःचं ओळखपत्र भरून वेळ मागायची. मंजूर झाली की मोबाइलवर निरोप येतो आणि त्या वेळेला चेहरा दिसतो. कोरोनाच्या काळात प्रत्यक्ष भेटी बंद पडल्या तेव्हा या सोयीचा वापर वाढला. गावातल्या आपले सरकार केंद्रात किंवा शिकलेल्या नातवाकडून हा अर्ज भरून घेता येतो. पुण्यात, सुरतेत कामाला गेलेल्या भावालाही ही सोय उपयोगी आहे.

आणि पत्र. पत्र आजही जातं. कारागृहात ते वाचून मग आत देतात. म्हणून खटल्याची बाजू पत्रात लिहू नये, ती वकिलाला सांगावी. बाकी सगळं लिहावं: तूर सोंगली का, नातीचा दात पडला का, गाय व्याली का. मुलाकातीतले शब्द हवेत जातात, पत्र उशाशी राहतं. पत्राची ताकद किती असते, तेही सांगतो. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याचा छळ होतोय असं सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं, आणि १९७९ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने देशभरातल्या कारागृहांना भेटींचं महत्त्व सांगितलं. त्याआधी मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरींनी आत बसून ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक मराठीत लिहिलं. सरकार ते बाहेर पाठवू देईना. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. कैद झाली म्हणून कैद्याचे सगळे हक्क जात नाहीत, हे महाराष्ट्राने तेव्हाच शिकायला हवं होतं.

वकील नसेल तर खर्चाची काळजी करू नका. स्त्रीला आणि कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे आणि बाईसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही. अमरावती आणि अकोला दोन्हीकडे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. कैद्यांच्या कुटुंबांसोबत आणि मुलांसोबत काम करणारी ‘वऱ्हाड’ ही संस्था अमरावतीतलीच. आईबाप कारागृहात असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. त्याचा अर्ज जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात होतो. दर्यापूरच्या म्हातारीला हे पैसे मिळाले तर नात शाळेत टिकेल आणि बसचं भाडंही निघेल.

इथे परिवीक्षेबद्दल बोललं पाहिजे, कारण त्या शब्दाने गोंधळ होतो. आपल्याकडे परिवीक्षा म्हणजे आत नव्हे, बाहेर. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने न्यायालय दोषी ठरलेल्या माणसालाही तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा नसावी, इतकीच मोठी अट. एकवीस वर्षांखालच्या आरोपीला कैद द्यायचीच असेल तर न्यायाधीशाला त्याचं कारण लिहावं लागतं. निर्णयाआधी जिल्हा परिवीक्षा अधिकारी घरी येतो, शेजाऱ्यांशी बोलतो, अहवाल देतो: ही बाई सुटली तर कुणाकडे राहील, कोण सांभाळेल. ज्या घराने दोन वर्षांत एकही मुलाकात केलेली नाही त्या घराबद्दल हा अधिकारी काय लिहिणार? शिक्षा झालेल्या बाईच्या रजेचंही असंच आहे. संचित रजेसाठी सांभाळायला आणि हमी द्यायला तयार असलेलं नातलग हवं, ही अट १९५९ च्या नियमांपासून चालत आलेली आहे. नातलग नाही, तर रजा नाही. मुलाकातीच्या वहीतल्या नोंदी म्हातारीला साध्या वाटतील. ‘बाई एकटी नाही’ याचा तोच कागदोपत्री पुरावा असतो.

जामिनाचंही याच्याशी नातं आहे. गंभीर गुन्ह्यातही स्त्रीला जामीन देण्याची वेगळी मुभा कायद्यात न्यायालयाला दिलेली आहे, ती वकिलाने मागितली पाहिजे. आधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर सुटकेचा विचार करावा लागतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले लोक त्यातून वगळले आहेत. जामीन मंजूर होऊनही हमीदार नाही म्हणून बायका आतच राहतात. आमच्याकडे मेळघाटातल्या कित्येक घरांचे सोयरे सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात असतात, आणि ‘बाहेरच्या जिल्ह्याचा हमीदार चालत नाही’ असं त्यांना सांगितलं जातं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्याच एका गवंड्याच्या खटल्यात हे चूक ठरवलं आहे. पैशांअभावी अडकलेल्यांसाठी केंद्राच्या योजनेत न्यायाधीन कैद्याला जामिनाच्या रकमेसाठी मदत मिळते. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाचा आदेश ईमेलने कारागृहात पाठवावा, आणि सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. म्हातारीने हे सात दिवसांचं गणित लक्षात ठेवावं आणि आठव्या दिवशी प्राधिकरणाच्या दारात जाऊन बसावं.

आणि सुटकेचा दिवस. आदेश न्यायालयातून निघून कारागृहात पोचेपर्यंत, नोंदी तपासून होईपर्यंत बऱ्याचदा संध्याकाळ होते. फाटकाचं छोटं दार उघडतं आणि बाई बाहेर येते. हातात पिशवी, पिशवीत दोन साड्या आणि पत्रांचा गठ्ठा. दर्यापूरची शेवटची गाडी तोवर निघून गेलेली असते. म्हणून वकिलाने ‘आज होईल’ म्हटलं की दुपारीच अमरावतीला येऊन थांबावं, रात्रीच्या मुक्कामाची सोय विचारून ठेवावी, नातीला सोबत आणावं. चपलांचा एक जोड आणावा. आत जाताना घातलेल्या चपला बहुतेक वेळा तोवर तुटलेल्या असतात.